कष्टाची भाकर : हमालांच्या मालकीचे जेवणघर

‘कष्टाची भाकर’ हे पुण्याच्या हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेने 1974 साली ‘ना नफा ना तोटा’ तत्त्वावर सुरू केलेले स्वस्त जेवणाचे केंद्र. एखाद्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या जेवू घालणारी ठिकाणे बहुधा एका कुटुंबाच्या हाती असतात. पुण्यातल्या या जेवणघराची मालकी मात्र कामगारांच्या संघटनेकडे आहे, आणि त्याचे वेगळेपण इथेच सुरू होते.

डॉ. बाबा आढाव यांनी 1950च्या दशकात हमाल पंचायत उभी केली, तेव्हा पुण्याचा भुसार बाजार नाना आणि भवानी पेठांत होता. पुढे तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आला. हमाली करायला येणारा माणूस बहुतेक दुष्काळी भागातला, बायकापोरे गावाकडे ठेवून आलेला. 1972च्या दुष्काळाने ही रीघ वाढवली. गाळ्याच्या ओट्यावर झोपणाऱ्या माणसाला चूल मांडायला जागा नसते. तो हॉटेलात जेवला, तर दिवसाच्या हमालीतला मोठा वाटा एका ताटात जातो. चहा-पावावर भागवले, तर पाठ टिकत नाही.

पाठीचा प्रश्न इथे शब्दशः घ्यायचा. धान्य-साखरेचे पोते बराच काळ 100 किलोचे असे. ते ट्रकमधून पाठीवर घ्यायचे, फळीवरून तोल सांभाळत उतरायचे, गोदामात थप्पीवर चढवायचे, आणि दिवसभर हेच करायचे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची मर्यादा सुचवली होती. पोते 50 किलोचे करा, ही मागणी हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरली. राज्याचा माथाडी कायदा 1969चा. त्याने मजुरी, भविष्य निर्वाह निधी, रजा यांना आधार दिला. पण कायद्याने दुपारचे जेवण मिळत नाही. मजुरी वाढवून घेणे आणि मिळालेली मजुरी पोटावर कमी खर्च होईल असे पाहणे, ही एकाच लढाईची दोन अंगे आहेत, हे पंचायतीने ओळखले.

केंद्रातले जेवण साधे असते: भाकरी किंवा चपाती, भाजी, आमटी, भात. स्वयंपाक बायका करतात. ज्वारीचे पीठ मळून भाकरी हातावर थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आले की उलटायची आणि शेवटी जाळावर फुगवायची. शेकडो माणसांसाठी हे करणे ही हमालीइतकीच अंगमेहनत आहे. त्यामुळे या जेवणघराने कष्टकरी बायकांना नियमित मजुरीचे कामही दिले, ही बाब दुय्यम मानता येत नाही.

दर कमी ठेवण्यामागे दानधर्म नाही. जेवणारा पैसे देतो, शिधा आणि मजुरीचा खर्च त्यातून निघतो. फक्त मालकाचा नफा त्यात नसतो. म्हणून इथे जेवताना कोणाला मिंधे व्हावे लागत नाही. हमालांखेरीज रिक्षावाले, विद्यार्थी, बाजाराला आलेले शेतकरीही इथे जेवतात. जात किंवा सभासदत्व विचारले जात नाही. गावचा पाणवठा सर्व जातींना खुला व्हावा म्हणून ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळ चालवणाऱ्या आढावांच्या संस्थेत दुसरे काही शोभलेही नसते.

पंचायतीने पुढे पतसंस्था, दवाखाना, मुलांसाठी शाळा आणि हमालनगरची घरे उभी केली. या साऱ्यांत हमालाच्या रोजच्या उपयोगाचे ठरले ते जेवणघरच.