पंखा कधी फिरावा?

मुलांनो, उन्हाळ्याच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली मोटार तुम्ही पाहिली असेल. बॉनेटखालून वाफ निघत असते आणि ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन शेजारी उभा असतो. ‘गाडी गरम झाली,’ असे लोक म्हणतात. गाडी गरम का होते? तिला थंड ठेवण्याचे काम कोण करते? या प्रश्नांची उत्तरे मला एका प्रवासामुळे मिळाली.

2001 सालचा मे महिना होता. मी तेव्हा सातवीत शिकत होतो. माझे मामू नाशिक ते मुंबई भाड्याची मोटार चालवत. मोटार जुनी होती. शाळेला सुट्टी होती, म्हणून एके दिवशी मामूंनी मला सोबत नेले. मुंबईहून परतताना भर दुपारी आम्ही कसारा घाट चढू लागलो. पुढे एक मालट्रक बंद पडला होता. गाड्यांची लांब रांग लागली. आमची मोटार जागेवरच उभी होती, पण इंजिन चालू होते. दहा मिनिटे गेली. तापमान दाखवणारा काटा लाल रेघेकडे सरकू लागला.

मामूंनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि बॉनेट उघडले. मी लगेच रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. मामूंनी माझे मनगट घट्ट धरले.

“बेटा, हात लावू नकोस! तोंड भाजेल.”

मामूंचे म्हणणे खरे होते. उघड्या भांड्यातील पाणी साधारण 100 अंश सेल्सिअसला उकळते. रेडिएटरचे झाकण मात्र घट्ट असते. त्यामुळे आत दाब वाढतो आणि पाणी 100 अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. अशा वेळी झाकण उघडले, तर दाब एकदम कमी होतो. पाणी क्षणात उकळते आणि कारंज्यासारखे अंगावर उडते. म्हणून इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नसतो. त्या दिवशी आम्ही जवळजवळ तासभर झाडाखाली बसून राहिलो.

आता इंजिन गरम का होते, ते पाहू. इंजिनात पेट्रोल जळते, तेव्हा खूप उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेचा थोडाच भाग गाडी चालवण्यासाठी उपयोगी पडतो. काही उष्णता धुराबरोबर बाहेर जाते. उरलेली उष्णता इंजिनभोवती फिरणारे पाणी शोषून घेते. हे गरम पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये येते. रेडिएटरमध्ये बारीक नळ्या आणि पातळ पत्र्यांची जाळी असते. जाळीतून वारा गेला, की पाणी थंड होते आणि पुन्हा इंजिनाकडे जाते. पाणी असे फिरवत ठेवण्याचे काम वॉटर पंप करतो.

पण वारा कोठून येतो? गाडी वेगाने धावत असते, तेव्हा समोरचा वारा आपोआप जाळीत शिरतो. गाडी उभी असते, तेव्हा वारा नसतो. अशा वेळी रेडिएटरच्या मागचा पंखा वारा ओढून घेतो.

ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी यांसारख्या जुन्या मोटारींत हा पंखा इंजिनाच्या जोरावर, पट्ट्याने फिरत असे. ही रचना साधी आणि मजबूत होती, पण तिच्यात एक उणीव होती. इंजिन जोरात फिरले, की पंखाही जोरात फिरे. इंजिन मंद झाले, की पंखाही मंद होई. मोकळ्या रस्त्यावर गाडी धावत असताना समोरून भरपूर वारा मिळतो, तरी पंखा जोरात फिरत राही. गाडी गर्दीत उभी असताना वाऱ्याची खरी गरज असते, पण तेव्हाच पंखा मंद होई. म्हणजे गरज नसताना वारा जास्त आणि गरज असताना वारा कमी!

जोरात फिरणारा पंखा शक्तीही खूप खातो. पंख्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याला लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, सुमारे आठपट होते. ही शक्ती इंजिनाकडूनच येते. म्हणजे पेट्रोल वाया जाते.

दुसऱ्या दिवशी मामू मला घेऊन द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात गेले. तेथील वयस्कर मेकॅनिकला सगळे ‘उस्ताद’ म्हणत.

“उस्ताद, या गाडीला विजेचा पंखा बसवून द्या,” मामू म्हणाले.

“बसवू, भाई. पण आधी आजार ओळखू, मग औषध देऊ,” उस्ताद हसून म्हणाले.

त्यांनी प्रथम रेडिएटर तपासला. जाळीत धूळ आणि किडे अडकले होते. नळ्यांत गाळ साचला होता. पट्टाही सैल झाला होता. उस्ताद म्हणाले, “रेडिएटर तुंबलेला असेल, तर कोणताही पंखा काय करणार?” त्यांनी रेडिएटर साफ करून घेतला आणि मगच पंख्याचे काम हाती घेतले.

जुना पंखा काढताना त्यांनी मला विचारले, “सांग बरे, आता हा पट्टाही काढून टाकू का?”

मी लगेच ‘हो’ म्हणालो. उस्तादांनी मान हलवली. त्याच पट्ट्यावर वॉटर पंप आणि वीज तयार करणारा डायनामोही चालत होता. पट्टा काढला असता, तर पाणी फिरणे थांबले असते आणि बॅटरीही उतरली असती. म्हणून त्यांनी फक्त पंख्याची पाती काढली. पट्टा तसाच ठेवला आणि ताणून घट्ट केला.

मग त्यांनी रेडिएटरला विजेचा पंखा जोडला. पण तो सुरू कधी करायचा आणि बंद कधी करायचा, हे कोण ठरवणार? त्यासाठी त्यांनी गरम पाण्याच्या वाटेवर थर्मोस्विच बसवला. कपड्यांच्या इस्त्रीत असतो, तसाच हा उष्णतेवर चालणारा स्विच असतो. पाणी साधारण 95 अंशांपर्यंत तापले, की तो जोडला जातो. पाणी काही अंश थंड झाले, की तो तुटतो.

पंख्याला साधारण 10 अँपिअर वीज लागते. 12 व्होल्टच्या गाडीत हे झाले 120 वॅट, म्हणजे जवळजवळ समोरच्या दोन मोठ्या दिव्यांइतके. एवढी वीज लहान स्विचमधून नेली, तर तो जळेल. म्हणून मध्ये रिले लावतात. थर्मोस्विच रिलेतील विद्युतचुंबकाला थोडीशी वीज देतो आणि रिले पंख्याला मोठी वीज देतो. तारा तापून आग लागू नये, म्हणून वाटेत फ्यूजही लावावा लागतो.

आणखी एक अडचण होती. इंजिन मंद असताना जुना डायनामो फार कमी वीज देतो आणि पंख्याला वीज नेमकी तेव्हाच हवी असते. म्हणून उस्तादांनी डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवायला सांगितले. अल्टरनेटर मंद गतीतही बरीच वीज देतो. खर्च वाढणार होता. मामू क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “सवारी घाटात अडकण्यापेक्षा हा खर्च बरा.”

शेवटी उस्तादांनी रेडिएटरच्या पुढच्या जाळीसमोर एक कागद धरला आणि पंखा सुरू केला. कागद जाळीला चिकटला. “पंखा वारा आत ओढतो आहे,” ते म्हणाले. “कागद उडून गेला असता, तर समजायचे, की तारा उलट जोडल्या आहेत.” त्यांनी एक ताकीदही दिली. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही विजेचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो. म्हणून त्याच्या पात्यांजवळ कधीही बोटे नेऊ नयेत.

विजेच्या पंख्यातही दोष नाहीत असे नाही. फ्यूज उडाला किंवा तार तुटली, तर तो मुकाट्याने बंद पडतो. म्हणून ड्रायव्हरने तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवलेच पाहिजे. मोठ्या ट्रकना फार मोठा पंखा लागतो. त्यामुळे अनेक ट्रकांत तो अजूनही इंजिनाच्या जोरावरच फिरतो. मोटारींत मात्र विजेचा पंखा सर्वत्र दिसू लागला. 1983 साली आलेल्या मारुती 800 मध्ये तो होता. तिचे इंजिन आडवे बसवलेले होते. अशा इंजिनाच्या पट्ट्याने समोरच्या रेडिएटरचा पंखा फिरवणे अवघड असते.

पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा मामूंबरोबर कसारा घाटात होतो. पुन्हा गाड्यांची रांग लागली. काटा वर चढू लागला. तेवढ्यात समोरून ‘घर्रर्र’ असा आवाज आला. थोड्या वेळाने काटा खाली आला आणि पंखा आपोआप थांबला. मामूंनी माझ्याकडे पाहिले आणि ते हसले.

जुना पंखा इंजिनाचा वेग पाहून फिरत होता. नवा पंखा पाण्याची उष्णता पाहून फिरतो. गरज ओळखून केलेले काम कमी कष्टात होते आणि जास्त उपयोगी पडते. हे यंत्राला लागू आहे, तसेच माणसालाही लागू आहे.

स्वाध्याय

1. गरम रेडिएटरचे झाकण लगेच का उघडू नये?
2. जुन्या पंख्यात कोणती उणीव होती?
3. उस्तादांनी पट्टा का काढला नाही?
4. ‘आधी आजार ओळखू, मग औषध देऊ’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
5. तुमच्या वस्तीतील गॅरेजला भेट द्या. तेथे पाहिलेल्या एका कामाचे वर्णन आठ ते दहा ओळींत मराठीत लिहा.