हॉकीच्या मैदानातून संविधान सभेत



गेल्या महिन्यात कल्याणच्या तरुण संघात एकाने मला विचारले, "खेळाडूने समाजकार्य करायचे म्हणजे बक्षिसे वाटायला जायचे, एवढेच ना?" मी त्याला लॉइड मॅकडरमॉट यांची गोष्ट सांगितली. ते ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघातले आदिवासी रग्बीपटू. १९६३ साली वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत जायचे तर त्यांना 'मानद गोरा' म्हणवून घ्यावे लागणार होते. त्यांनी दौरा नाकारला आणि पुढे ते वकील झाले.

आपल्या देशातले उदाहरण त्याहून जुने, आणि तेही मिशन शाळेतले, हे मात्र तिथे कोणालाच ठाऊक नव्हते.

जयपाल सिंह मुंडा यांचा जन्म १९०३ चा, आजच्या झारखंडमधील खुंटी भागातला. लहानपणी ते गुरे राखत. रांचीच्या सेंट पॉल्स शाळेच्या प्राचार्यांनी त्यांना इंग्लंडला नेले. ऑक्सफर्डमध्ये ते हॉकीत चमकले. १९२८ मध्ये अॅमस्टरडॅमला भारताने हॉकीचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले, तेव्हा कर्णधार तेच होते. खेळापायी त्यांनी आय.सी.एस.वरही पाणी सोडले.

१९३९ मध्ये ते आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले आणि पुढे संविधान सभेत गेले. १९ डिसेंबर १९४६ च्या भाषणात त्यांनी स्वतःला अभिमानाने 'जंगली' म्हटले आणि आदिवासींना लोकशाही शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिका, असे बजावले. दारूबंदीच्या कलमालाही त्यांनी विरोध केला. तांदळाची दारू आदिवासींच्या धार्मिक विधींचा भाग आहे, असे त्यांचे म्हणणे. आपल्यापैकी अनेकांना हे पटणार नाही. मलाही ते खटकले. पण ते आपल्या लोकांच्या वतीने बोलत होते, आपल्याला बरे वाटावे म्हणून नव्हे.

या सगळ्याचा ठाण्याशी काय संबंध? संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली आपल्या जिल्ह्यातला शहापूर तालुका आणि मुरबाड, भिवंडीचा काही भाग येतो. तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार आहेत. कल्याण-डोंबिवली त्याबाहेर आहे. मात्र आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, हा जमीन महसूल संहितेचा नियम इथेही लागू आहे.

हक्क आहेत, पण ते मागायला जातीचा दाखला लागतो. अनुसूचित जमातींची यादी ६ सप्टेंबर १९५० ला निघाली, म्हणून कुटुंब त्याआधीपासून इथले आहे याचा पुरावा मागतात. कातकरी आजोबा कधी शाळेत गेले नाहीत, जमीन नावावर नव्हती, पोट भरायला वाडी बदलत राहिले. त्यांच्याकडे कोणता कागद असणार? रक्ताच्या नात्यातल्या एखाद्याचा दाखला सापडला, तर काम बरेच सोपे होते. म्हणून आम्ही घरोघरी आधी नातीगोती विचारतो. मुरबाडच्या एका वाडीत एका मावशीच्या पत्र्याच्या पेटीतून असा कागद निघाला, आणि तिच्या तीन भाच्यांचे अर्ज मार्गी लागले.

दिवाळीनंतर कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, मुलेही सोबत जातात. हे काम त्याआधीच उरकावे लागते. ज्यांना दोन शनिवार देता येतील त्यांनी आपल्या पाळकांकडे नाव द्यावे. कायद्याचे ज्ञान नसले तरी चालेल. सुवाच्य मराठीत अर्ज लिहिणारी माणसे हवी आहेत.