अळसांदे, अळी आणि अडलेली कात्री

सजीवांतील विकरे : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण प्रथिनं कापणाऱ्या विकरांची, म्हणजे प्रोटिएझची ओळख करून घेतली. त्यातलं सर्वाधिक अभ्यासलं गेलेलं विकर म्हणजे ट्रिप्सिन. विल्हेल्म क्यूने यांनी १८७६ साली त्याला हे नाव दिलं. प्रथिनाच्या साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन हे अमिनो आम्ल आलं की त्याच्या लगेच पुढे ट्रिप्सिनची कात्री चालते. आज या कात्रीला अडवणाऱ्या रेणूंकडे, अवरोधकांकडे वळू. त्यासाठी गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या शेतांतूनच सुरुवात करता येईल.

पावसाळी भाताची कापणी झाली की इथे जमिनीत उरलेल्या ओलीवर अळसांदे, कुळीथ पेरतात. अळसांद्याच्या दाण्यात वजनाच्या जवळजवळ पाव भाग प्रथिन असतं. ते साठवलेलं असतं पुढच्या रोपासाठी, पण किडीला मात्र ते आयतंच ताट. म्हणून त्याच दाण्यात झाड ट्रिप्सिनचा अवरोधकही भरून ठेवतं.

हा अवरोधक स्वतः एक छोटंसं प्रथिनच. त्याचा एक वळसा ट्रिप्सिनच्या खाचेत अगदी नेमका बसतो. ट्रिप्सिन भक्ष्य समजून तो पकडतं आणि तिथेच फसतं. गंधकाच्या बंधांनी तो वळसा इतका ताठ धरलेला असतो की तो धड कापलाही जात नाही आणि सुटतही नाही. अळी खात राहते, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. उलट नवं ट्रिप्सिन तयार करण्यात तिचीच अमिनो आम्लं खर्ची पडतात आणि तिची वाढ खुंटते.

ग्रीन आणि रायन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखवून दिलं की भुंगेऱ्याने बटाट्याचं किंवा टोमॅटोचं एखादं पान कुरतडलं, तर त्याच झाडाच्या न कुरतडलेल्या पानांतही अवरोधक साठू लागतो. पुढे १९८७ साली इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी अवरोधकाचं जनुक तंबाखूच्या रोपात घातलं आणि त्या रोपांना अळ्यांचा उपद्रव कमी झाला. ते जनुक चवळीचं होतं, म्हणजे आपल्या अळसांद्याच्याच प्रजातीचं.

मग प्रश्न पडतो : डब्यातल्या अळसांद्यांना कीड लागतेच कशी? किडलेला दाणा हातात घेऊन पाहा. सालीवर पांढरा ठिपका दिसतो, ते अंडं. शेजारी सुबक गोल भोक, तिथून भुंगेरा बाहेर पडलेला. त्याच्या अळीने दाणा आतून पोखरला, अवरोधकासकट! कारण तिच्या पोटातली कात्री वेगळ्या घडणीची आहे. तिचं पचन मुख्यतः ट्रिप्सिनवर नव्हे, तर सिस्टीन गटातल्या प्रोटिएझवर चालतं. ट्रिप्सिनसाठी घडलेला वळसा तिथे बसतच नाही. दाणे राखेत घोळवून ठेवण्याची जुनी रीत अशा वेळी उपयोगी पडते.

हरभऱ्यावरची घाटे अळी त्याहून पुढची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशोक गिरी, अभय हरसुलकर, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आदींनी १९९८ साली दाखवलं की या अळीच्या पोटातली विकरं हरभऱ्याच्या अवरोधकांनाच चक्क निकामी करून टाकतात. ज्या पिकावर ती पिढ्यानपिढ्या पोसली, त्याचा बंदोबस्त तिने केव्हाच शोधला होता. मात्र पुढच्याच वर्षी याच गटाने भुईमूग, चौधारी घेवडा, बटाटा अशा तिच्या सवयीच्या नसलेल्या वनस्पतींचे अवरोधक तिला दिले, तेव्हा ती अडली. पुढे मिरचीतल्या अवरोधकांनीही तिची वाढ रोखल्याचं त्याच प्रयोगशाळेत दिसलं. भौगोलिक मानांकन मिळालेली हरमलची मिरची पेडण्याचीच. तिच्या तिखटपणाची कीर्ती सर्वदूर आहे, पण मिरचीचं हे दुसरं शस्त्र जिभेला कळत नाही.

आपल्या पोटातही ट्रिप्सिनच आहे. मग अळसांद्यांचं तोणाक आपल्याला कसं पचतं? भिजवून चांगले शिजवल्यावर बहुतांश अवरोधकांची घडी मोडते, म्हणून. शिवाय अवरोधक आपल्या शरीरालाही हवेच असतात. स्वादुपिंड ट्रिप्सिन निष्क्रिय रूपात साठवतं आणि चुकून त्यातलं थोडं जागं झालंच, तर त्याला आवरायला अवरोधकही सोबत ठेवतं. हा बंदोबस्त ढासळला तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. फुफ्फुसांचं रक्षण करणारं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन यकृतात तयार होतं. सिगारेटच्या धुराने ते निकामी होतं आणि फुफ्फुसांची नाजूक जाळी कापली जाऊ लागते.

तेव्हा कापणं वाईट आणि अडवणं चांगलं, असा सरळ हिशेब इथे नाही. कोणती कात्री, कुठे, कधी आणि तिला अडवायला कोण, यावर सगळं ठरतं. पिकाच्या बाबतीत तर एकाच अवरोधकाच्या भरवशावर राहून चालत नाही; एकापाठोपाठ एक वेगळा अवरोधक समोर आला, तरच अळीची पंचाईत होते.

पुढील आठवड्यात : पपईचा चीक आणि अननसाने चरचरणारी जीभ.