लाडवासारखा तारा

कल्याणला आमच्या बचत गटाचे हिशेब एक मुलगी लिहून देते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा तिच्या आईने मला बाजूला घेतलं. "ताई, तुम्हीच समजवा हिला. बँकेच्या परीक्षा सोडून एम.एस्सी. फिजिक्स करायचं म्हणते. गुरुत्वाकर्षण शिकून पोट भरतं का?"

मी कला शाखेची. समजवायला गेले आणि समजून घेऊन आले!

"काकू, लाडू कुठूनही बघा, सारखाच दिसतो ना? ताराही तसाच गोल धरला की आइनस्टाइनची अवघड समीकरणं सुटतात," ती म्हणाली. असं पहिलं उत्तर श्वार्झशिल्डने १९१६ मध्ये काढलं. मग राइसनरने १९१६ मध्ये आणि नॉर्डस्ट्रॉमने १९१८ मध्ये त्यात विद्युतभार धरला. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या जोडीला विद्युतक्षेत्र आलं. अशा क्षेत्राला 'गेज क्षेत्र' म्हणतात.

"म्हणजे गं काय?"

"रेल्वेच्या तारेवर कावळा बसतो, त्याला शॉक का बसत नाही? दोन्ही पाय एकाच व्होल्टेजवर. फरक असेल तरच झटका. शून्य कुठेही धरा, फरक तोच. गेजची कल्पना इथूनच सुरू होते."

डोंबिवली स्टेशनवर इतकी वर्षं कावळे बघतेय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग तिने प्रल्हाद चुनीलाल वैद्यांची गोष्ट सांगितली. खरा तारा तळपतो आणि तळपताना झिजतो. आपला सूर्य दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान प्रकाशरूपाने गमावतो. असा झिजणारा तारा वैद्यांनी १९४३ मध्ये समीकरणात बसवला. वैद्य गुजरातचे, शिकले मुंबईत. १९४२ मध्ये ते बनारसला विष्णू वासुदेव नारळीकरांकडे गेले. हे आपल्या कोल्हापूरचे, जयंत नारळीकरांचे वडील. वैद्यांसोबत पत्नी आणि सहा महिन्यांची मुलगी. साठवलेल्या पैशांवर दहाएक महिने काढले. त्या दिवसांतल्या कामाला आज जगभर 'वैद्य मेट्रिक' म्हणतात. पुढे १९७० मध्ये बॉनर यांच्यासोबत त्यांनी प्रकाशाबरोबर विद्युतभारही बाहेर टाकणाऱ्या गोलाचं उत्तर मांडलं.

मैत्रिणींनो, मेट्रिक माझ्या डोक्यावरूनच गेलं. मनात राहिलं ते बनारसचं घर. कमाई नाही, तान्हं बाळ, आणि नवरा समीकरणांत बुडालेला. त्या माउलीने ते दिवस कसे काढले असतील! पण तो वेळ मिळाला म्हणून काम झालं. आमच्या मुलीही तेवढाच वेळ मागतायत. पुरती दोन वर्षं.

मी तिच्या आईला विचारलं, "वहिनी, मुलाने दोन वर्षं मागितली असती तर?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मोठ्याच्या डिप्लोम्याला बांगड्या गहाण ठेवल्या होत्या."

पुढे मी काही बोलले नाही. गरजच नव्हती.

आठवड्याने त्यांचा निरोप आला, "दोन्ही फॉर्म भरलेत. बँकेचाही आणि एम.एस्सी.चाही. ह्यांना मी बघते."

'ह्यांना मी बघते' या तीन शब्दांत किती बळ असतं, ते आपल्यालाच ठाऊक!