फोन मराठीत केला की ॲप का गडबडतं?

अँड्रॉइडवर ॲप लिहिणाऱ्या मित्रांनो, तुमच्या ॲपची चाचणी कधी फोनची भाषा मराठी ठेवून केली आहे का?

जावामध्ये स्ट्रिंग डॉट फॉरमॅट वापरताना लोकेल दिलं नाही, तर फोनचं लोकेल आपोआप लागू होतं. मराठी लोकेलचे ठरलेले आकडे देवनागरी आहेत. पडद्यावर ‘रु. १२३४५६’ झकास दिसतं. पण तीच स्ट्रिंग सर्व्हरला पाठवली की घोळ सुरू. जेसन फक्त इंग्रजी आकड्यांनाच संख्या मानतो. जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला ‘१२३’ दिलं तर उत्तर येतं ‘नॅन’, म्हणजे ही संख्याच नव्हे! पायथनचं इंट मात्र तोच ‘१२३’ बिनतक्रार वाचतं. म्हणून दोष सापडायला वेळ लागतो: एका ठिकाणी चालतं, दुसऱ्या ठिकाणी अडतं. तारखांचंही तेच.

उपाय सोपा आहे. माणसाला दाखवायचं असेल तर वापरणाऱ्याचं लोकेल; फाइल, डेटाबेस, सर्व्हर यांच्यासाठी लोकेल डॉट रूट, तेही स्पष्ट लिहून. (फोन इंग्रजीत ठेवा, या सल्ल्याची मला चीड येते.)

जाता जाता: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘मराठी’ म्हणजे ५ चिन्हं, १५ बाइट. नावाची मर्यादा बाइटमध्ये मोजत असाल, तर लांब मराठी नावं अर्धवट कापली जातील.

आज एकदा फोन मराठीत करून आपलं ॲप चालवून बघा, आणि काय मोडलं ते खाली लिहा.