हृदयातली पाणंद

‘एक नस शंभर टक्के बंद आहे,’ असं डॉक्टरांनी सांगितलं की घरचे चक्रावतात. कालपर्यंत मोसंबीच्या बागेत राबणारा माणूस! जालना जिल्ह्यातल्या घरांत मग पहिला समज होतो तो असा, की रिपोर्टच चुकला.

रिपोर्ट बहुधा बरोबर असतो. अँजिओग्राफीची फिल्म नीट पाहा. समजा, उजवी धमनी बंद आहे. तिच्यात सोडलेला डाय, म्हणजे फिल्मवर दिसणारा द्रव, मुळाशीच अडतो. मग तो डाव्या धमनीत सोडतात. ती भरते, आणि दोन-चार ठोक्यांनंतर उजव्या धमनीचा पुढचा भाग उलट्या दिशेने, खालून वर भरू लागतो. मधे दिसतात त्या नागमोडी, बारीक वाहिन्या. हृदयाच्या धमन्या एकमेकींना जोडलेल्या असतात, हे रिचर्ड लोअर या इंग्रज वैद्याने १६६९ मध्येच लिहून ठेवलं होतं.

या वाहिन्या अडथळा आल्यावर नव्यानेच उगवतात, हाही समज अर्धाच खरा. बहुतेक जोडवाहिन्या जन्मापासूनच असतात, पण केसासारख्या बारीक. मुख्य नस अरुंद होत गेली की पलीकडचा दाब घटतो, रक्त या वाटेने जोरात धावतं, त्याच्या घर्षणाने भिंतीतल्या पेशी वाढतात आणि वाहिनी रुंदावते. घनसावंगीकडे पूल खचला की ट्रॅक्टर पाणंदीने जातात आणि वापराने पाणंद रुळते, तसंच हे. पण उसाने भरलेला ट्रक त्या पाणंदीने निघत नाही. म्हणूनच बसल्या जागी काही जाणवत नाही आणि जिना चढताना छाती भरून येते.

पाणंद रुळायला आठवडे, महिने लागतात. लहानशा ब्लॉकेजवर अचानक गुठळी बसली तर तेवढा वेळच मिळत नाही. ‘शरीर आपोआप बायपास करतं’ म्हणत छातीतला दाब आणि दरदरून सुटलेला घाम अंगावर काढणं म्हणजे हृदयाचा स्नायू हातचा घालवणं. तेव्हा १०८ ला फोन करायचा, ॲसिडिटीची गोळी घेऊन पडून राहायचं नाही.

जोडवाहिन्यांची ही सोय सगळ्यांना सारखी मिळत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे निरोगी धमन्या असलेल्या १०० जणांची नस फुग्याने मिनिटभर बंद करून पाहिली. त्यांतल्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याच्या लोकांनाच जोडवाहिन्यांनी पुरेसं रक्त पुरवलं. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण कोणत्या गटात आहोत, हे बाहेरून कळत नाही.

पायांना पट्टे बांधून हवेच्या दाबाचे ३५ तासांचे उपचार ‘नैसर्गिक बायपास’ म्हणून विकले जातात, याची मला चीड येते. छातीत वारंवार दुखणाऱ्या काही रुग्णांना त्याने आराम पडतो, हे खरं. पण ब्लॉकेज जागचं हलत नाही. नियमित, डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेला व्यायाम जोडवाहिन्यांना मदत करतो, पण तोही नस साफ करत नाही.

सगळ्यांत घातक समज म्हणजे, ‘दुसरी वाट झाली, आता गोळ्या कशाला?’ ती वाट निघते डाव्या धमनीतून. आता ती एकटी दोन धमन्यांचं रक्त वाहते. तिथे गुठळी झाली तर दोन्हीकडचा पुरवठा एकदम तुटतो. दवाखान्याच्या कार्डावर लिहिलेल्या रोजच्या गोळ्या त्या चालू धमनीच्या राखणीसाठी असतात.