पाणपक्ष्यांच्या पिसांतील साक्ष

कर्जत-भिसेगांवच्या परिसरांत, उल्हास नदीच्या कांठीं, थंडीच्या दिवसांत मातकट रंगाचा एक पक्षी मान आखडून बसलेला पुष्कळांनीं पाहिला असेल. लांबून पाहणाऱ्याला तें मातीचें ढेकूळच वाटावें. पण उथळ पाण्यांत मासळीची चुळबूळ झाली कीं तो विजेसारखी चोंच मारतो, आणि उडण्यासाठीं पंख उघडतांच एकदम पांढराशुभ्र दिसूं लागतो. हा वंचक; कांहीं ठिकाणीं याला ढोकरी म्हणतात. नदी त्याला जें खाऊं घालते, त्याचा हिशेब त्याच्या पिसांत नकळत लिहिला जात असतो. तो हिशेब कसा वाचावा, हें शास्त्रज्ञांनीं गेल्या साठ-सत्तर वर्षांत शोधून काढलें आहे.

उल्हास राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर या मार्गानें कल्याणकडे जाऊन वसईच्या खाडीनें समुद्राला मिळते. भिवपुरीच्या वीजघरांतून १९२२ पासून सोडलें जाणारें पाणीही याच खोऱ्यांत उतरतें. त्यामुळें भर उन्हाळ्यांतही नदीची धार तुटत नाहीं. खालच्या अंगाला लाखों माणसें हेंच पाणी पितात. पण खालच्याच अंगाला अंबरनाथ, उल्हासनगर व कल्याण या भागांतील कारखान्यांचें आणि वस्त्यांचें सांडपाणी वालधुनीसारख्या प्रवाहांतून तिला येऊन मिळतें. पुढें खाडींत तिच्याच पाण्यांत मासे वाढतात आणि ते बाजारांत येतात. तेव्हां या पाण्यांत काय मिसळलें आहे, हा प्रश्न पक्ष्यांपुरता उरत नाहीं.

कोणी म्हणेल, बाटलीभर पाणी घेऊन प्रयोगशाळेंत तपासलें म्हणजे झालें. पाण्याची तपासणी आवश्यक आहेच. पण ती एका क्षणाची असते. सकाळीं भरलेल्या बाटलीला रात्रीं सोडलेल्या सांडपाण्याची वार्ता नसते. पावसाळ्यांत पूर सगळेंच पातळ करून टाकतो. शिवाय पारा, शिसें, कॅडमियम यांसारखे जड धातू पाण्यांत फार काळ मोकळे राहत नाहींत. ते गाळाच्या बारीक कणांना चिकटतात, आणि नदीचें गोडें पाणी खाडीच्या खाऱ्या पाण्याला भेटतें तेथें कणांच्या गुठळ्या होऊन तळाशीं बसतात. वरचें पाणी निवळ दिसावें आणि खालच्या चिखलांत विषाची ठेव सांठत जावी, असा हा प्रकार आहे.

ही ठेव अन्नाच्या वाटेनें वर येते. प्राणवायु नसलेल्या चिखलांतले सूक्ष्म जंतू पाऱ्याचें मिथिल-पारा या अधिक घातक संयुगांत रूपांतर करतात. शेवाळांतून तें किड्यांत, किड्यांतून लहान माशांत आणि लहान माशांतून मोठ्या माशांत जातें. सेंद्रिय विष पुष्कळदां शरीर मोडून टाकतें, पण धातूचे परमाणु मोडतां येत नाहींत. आणि मिथिल-पारा शरीराबाहेर पडतो तो फार सावकाश. त्यामुळें प्रत्येक पायरीवर त्याचें प्रमाण वाढत जातें. मासे खाणारा बगळा, पाणकावळा किंवा खंड्या या शिडीच्या वरच्या पायरीवर उभा असतो. आणि त्याच्या शेजारीं, त्याच पायरीवर, मासे खाणारा माणूस असतो.

पक्ष्याच्या शरीरांत प्रत्येक धातूचें घर ठरलेलें आहे. शिसें चुन्याच्या मागोमाग जाऊन हाडांत बसतें. कॅडमियम मूत्रपिंडांत साठतें. रक्तांत अलीकडच्या कांहीं दिवसांची हकीकत सांपडते. पाऱ्याची गोष्ट निराळी. पीस वाढत असतें तोंवर त्याच्या मुळाशीं रक्ताचा पुरवठा असतो, आणि पीस ज्या केराटिन नांवाच्या द्रव्याचें बनतें त्यांत गंधक विपुल असतो. पाऱ्याला गंधकाची ओढ मोठी. रक्तांतला पारा तेथें घट्ट बांधला जातो. पिसाची वाढ पुरी झाली कीं हा रक्तपुरवठा बंद होतो, आणि त्या काळची नोंद जणूं मोहोरबंद होते. पिसें झडून नवीं येणें ही पक्ष्याच्या दृष्टीनें पारा बाहेर टाकण्याची एक वाटच आहे. शास्त्रज्ञाचा लाभ असा कीं, एखादें पीस घेतलें तर पक्षी मारावा लागत नाहीं.

प्रयोगशाळेंत पीस आधीं स्वच्छ धुतात, वाळवितात, वजन करतात आणि नत्राम्लांत विरघळवितात. तो द्रव ज्योतींत फवारला कीं त्यांतील धातूचे परमाणु मोकळे होतात. प्रत्येक धातु विशिष्ट लहरींचाच प्रकाश शोषून घेतो. किती प्रकाश शोषला गेला यावरून धातूचें प्रमाण निघतें. ऑस्ट्रेलियांतील अ‍ॅलन वॉल्श यांनीं १९५५ सालीं या पद्धतीचा पाया घातला. पाऱ्यासाठीं तर ज्योतीचीही गरज लागत नाहीं, कारण त्याची वाफ थंडपणींच होते. दहा लक्ष भागांत एखादा भाग धातु असला तरी तो अशा रीतीनें मोजतां येतो.

या साक्षीचें बळ स्वीडनमध्यें दिसून आलें. तेथें १९४० च्या सुमारापासून पेरणीच्या बियाण्याला पाऱ्याचें औषध लावीत असत. पुढें दाणे टिपणारे पक्षी आणि त्यांना खाणारे शिकारी पक्षी मरूं लागले. कारण काय, याचा वाद होता. संशोधकांनीं संग्रहालयांत जपून ठेवलेल्या पक्ष्यांचीं शंभर वर्षांचीं पिसें तपासलीं. १९४० पूर्वींच्या पिसांत पारा अल्प होता, नंतरच्या पिसांत तो एकाएकीं वाढलेला आढळला. १९६६ सालीं तें औषध बंद करण्यांत आलें.

परंतु साक्षीदाराला प्रश्नही नीट विचारले पाहिजेत. पहिला प्रश्न, पीस कोठें वाढलें? ठाण्याच्या खाडींत हजारों रोहित पक्षी येतात. ही खाडी एका अरुंद प्रवाहानें उल्हासच्या मुखाशीं जोडलेली आहे. २०१५ सालीं तेथें रोहितांचें अभयारण्य झालें आणि २०२२ सालीं तिला रामसर यादींत स्थान मिळालें. पण तेथें सांपडलेलें रोहिताचें पीस कच्छच्या रणांत उगवलेलें असूं शकतें. दुसरा प्रश्न, पक्षी काय खातो? गायबगळा गुरांमागें फिरून किडे टिपतो. त्याची तुलना मासे खाणाऱ्या लहान बगळ्याशीं करणें चुकीचें ठरेल. तिसरा प्रश्न, धातु आंतला कीं बाहेरचा? हवेंतली धूळ पिसाला चिकटते, शिशाच्या बाबतींत हें विशेष जपावें लागतें. संग्रहालयांतील जुन्या पक्ष्यांना तर कसर लागूं नये म्हणून सोमल चोळलेला असे. तेथें सोमलाची मोजणी व्यर्थच.

या तिन्ही प्रश्नांना उत्तम उत्तर देतें तें घरट्यांतलें पिलूं. बगळे आणि वंचक पावसाळ्यांत झाडांवर वसाहत करून घरटीं बांधतात. पिलाला उडतां येत नाहीं. आईबाप जवळपासच्या पाण्यांतून जें आणतील तेंच तें खातें. म्हणून पिलाचें पीस ही त्याच परिसराची आणि त्याच मोसमाची साक्ष होय. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या पिलांचीं पिसें भिसेगांवच्या बाजूला आणि कल्याणच्या खालीं, वर्षानुवर्षें एकाच रीतीनें घेतलीं, तर कोणत्या धातूचा भार वाटेंत किती वाढला हें कळून येईल. वरचें माप नसेल तर खालच्या मापाला अर्थ येत नाहीं. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें असें काम परवानगीनें आणि जाणत्या हातांनींच व्हावयास हवें. हौसेनें घरट्यांना हात लावणें हा अपराध आहे.

इतका खटाटोप कशासाठीं, याचें उत्तर जपानांतील मिनामाता या गांवानें दिलें आहे. तेथें एका कारखान्याचा पारा उपसागरांत जात होता. माणसांतला रोग १९५६ सालीं अधिकृत रीतीनें नोंदला गेला. पण त्याआधींच कोळ्यांचीं मांजरें झिंगून पडत होतीं आणि पक्षी उडतां उडतां कोसळत होते. त्यांची दखल वेळेवर घेतली गेली नाहीं. त्या गांवाचें नांव धारण करणारा पाऱ्याविषयींचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ सालीं झाला. भारतानें त्याला २०१८ सालीं मान्यता दिली. तापमापक फुटला, दिव्याची नळी किंवा विजेरीचा घट निकामी झाला, तर तो ओल्या कचऱ्यांत न टाकतां वेगळा द्यावा, एवढें प्रत्येक घराला आजच करतां येईल. मोठ्या भाराचा बंदोबस्त कारखान्यांच्या दाराशींच करावा लागेल. आणि तो झाला कीं नाहीं, हें पुढच्या पावसाळ्यांतल्या पिलांच्या पिसांवरून पडताळून पाहतां येईल.